श्रीरंगकाकांचं लेटरहेड

कुमुदमावशींवर अन्याय झाला तो एका शनिवारी, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी, कॅनडातून अमेरिकेत येणाऱ्या रस्त्यावरच्या नाक्यावर. आमच्या मंडळाच्या नाटकाचा दिवस होता. व्हॅंकूवरजवळच्या सरे गावातून मावशी अमेरिकेतल्या आपल्या बॉथेलला येत होत्या, जशा गेली चौदा वर्षं येत होत्या: व्हॅनमध्ये पाच माणसं आणि एक अख्खं नेपथ्य कोंबून. वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका. त्यांना बाजूच्या खोलीत बसवलं, फोन काढून घेतला, दहाही बोटांचे ठसे घेतले आणि पाच तासांनी परत पाठवलं. त्यांच्या हातात एक पत्र होतं. ते पत्र लिहिणारा माणूस त्या वेळी बॉथेलच्या हॉलमध्ये माइक टेस्ट करत होता. हा लेख त्या माणसाबद्दल आहे.

तुम्ही त्यांना ओळखता. गावात नवे असाल तर सांगते. श्रीरंगकाका म्हणजे आपल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. किती वर्षं, ते आता कोणी विचारत नाही. निवडणूक बिनविरोध होते, कारण उमेदवारीचा फॉर्म काकांकडेच मिळतो आणि मागायला गेलं की ते चहा पाजून परत पाठवतात. उंच, ताठ, बारा महिने तेच निळं फ्लीसचं जाकीट, छातीवर अमेरिकेच्या झेंड्याची पिन. घरासमोरही झेंडा, खांबासकट. झेंडा भिजू द्यायचा नसतो असं त्यांना कोणीतरी सांगितलंय आणि आपल्याकडे वर्षातले आठ महिने आभाळ गळतं. त्यामुळे हा गृहस्थ दिवसातून पाच-सहा वेळा झेंडा आत नेतो आणि बाहेर आणतो. शेजारच्या गोऱ्या आजी एकदा कुंपणावरून म्हणाल्या, अहो, नायलॉनचा आहे तो, भिजला तरी काही होत नाही. काकांनी त्यांना देशप्रेमावर दहा मिनिटं ऐकवलं. आजी इथेच जन्मलेल्या, नवरा इथल्या सैन्यात होता. त्या हो हो म्हणाल्या आणि आत गेल्या.

मला जोडाक्षरं काकांनीच शिकवली, मंडळाच्या रविवारच्या शाळेत. हे मान्य करून पुढे लिहिते. त्यांचा आवडता शब्द 'मित्रराष्ट्र'. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचे, मग भिंतीवरच्या नकाशाकडे वळून पट्टीनं एकेक देश दाखवायचे. "हा आपला. हा आपला. हाही आपला." आम्ही सात-आठ वर्षांची पोरं. आम्हाला वाटायचं, काकांनी हे सगळे विकत घेतलेत.

काकांना अजूनही तसंच वाटतं.

त्यांच्या तोंडी 'आम्ही' म्हणजे अमेरिका आणि 'तुम्ही लोक' म्हणजे बाकीचं जग. आणि कोणाशीही बिनसलं की एकच वाक्य: "जातील कुठे?" फराळ करून देणाऱ्या बाई म्हणाल्या, या वेळी चकल्या जमणार नाहीत. "जातील कुठे?" ढोल पथकातली मुलं रुसली. "जातील कुठे?" ती मुलं गेली. दुसऱ्या गावच्या मंडळात गेली आणि तिथे झकास वाजवतात. तरी वाक्य बदललं नाही. मग या देशानं आयातीवर कर लावायला सुरुवात केली, ज्यांच्याबरोबर लढाया लढल्या त्यांनाच दम द्यायला सुरुवात केली, कोणाचं बेट मागितलं, कोणाचा अख्खा देश मागितला. तेव्हा काका तृप्त झाले. त्यांचंच वाक्य आता सरकार बोलत होतं. पॉटलकच्या जेवणात प्लेट हातात घेऊन ते मला समजावायचे, "अगं, मार्केट आमचं, डॉलर आमचा, आर्मी आमची. चिडतील चार दिवस. जातील कुठे?"

मी स्थलांतरितांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या गटात पत्रकं लिहिते. काका मला बघितलं की हाक मारतात, "आल्या आमच्या पत्रकबाई! आज कोणाचा मुर्दाबाद?"

आता आपल्या नाटकांचं खरं सांगायचं तर सांगते. मंडळाच्या स्मरणिकेत छापतात, 'बॉथेल मंडळाची निर्मिती'. दिग्दर्शन कुमुदमावशींचं. पडदे, दिवे, मेकअपची पेटी, सगळं सरेहून. सहापैकी चार नट तिकडचे, कारण इकडचे आपण सगळे ऑफिसच्या स्प्रिंट आणि रिलीज आणि ऑन-कॉलमध्ये अडकलेले, तिसऱ्या तालमीलाच आपलं 'यार, या वीकेंडला नाही जमत' सुरू होतं. पण तालमी इथे, कारण काका म्हणत, हॉल आमचा. मावशींनी एकदाच सुचवलं होतं, एक आड एक करू, एकदा तुम्ही या. काका हसले. "कुमुदताई, इतक्या लोकांनी बॉर्डर क्रॉस करायची? तुम्ही लोक या की, तुम्हाला सवय आहे." आणि त्या यायच्या. दर शनिवारी पावणेदोन तास येताना, नाक्यावर रांग असेल तर तीन तास जाताना. आभाराच्या यादीत त्यांचं नाव माइकवाल्याच्या नंतर.

एका वर्षी काकांनी कहर केला. कॅनडाला अमेरिकेचं एक्कावन्नावं राज्य करून टाकू, ही बडबड तेव्हा जोरात होती. नाटक संपलं, सगळे स्टेजवर उभे. काकांनी माइक घेतला आणि म्हणाले, "आता टाळ्या, आपल्या एक्कावन्नाव्या राज्यातून आलेल्या कलाकारांसाठी!"

आपल्याकडचे काही हसले. हो, हसले, मी मोजत होते. तिकडून आलेले चौघे तोंडावरचा रंग तसाच ठेवून समोर बघत राहिले. कुमुदमावशी विंगेतून पुढे आल्या, काकांच्या हातातला माइक काढून घेतला आणि वर्गात बोलतात तशा आवाजात म्हणाल्या, "श्रीरंग, राज्य घे बाबा हवं तर. पण आधी आमचा काळा पडदा परत दे. दोन वर्षं तुझ्या गॅरेजात लोळतोय."

हॉल हशानं दणाणला. काकाही हसले, पण उशिरा आणि फक्त खालच्या ओठानं. पडदा त्यांनी दिला नाही.

तरीही मावशी पुढच्या वर्षी आल्या. मी त्यांना विचारलं होतं, कशाला येता? त्या म्हणाल्या, "अगं, तो तसाच आहे. आणि नेहा आहे ना तिथे." नेहा म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. इथे बायोटेकमध्ये काम करते, आपल्या नाटकांत प्रॉम्प्टर असते. त्या वर्षी नेहाला दिवस गेले होते.

आता पत्र.

नाक्यावरचं वातावरण बिघडलं होतं. तिकडची अर्धी माणसं इथे यायची बंद झाली होती, काही भीतीनं, काही रागानं. मावशींना पत्राची गरज नव्हती. मुलीला भेटायला येते, हौसेचं नाटक आहे, एवढं त्या चौदा वर्षं सांगत आल्या होत्या आणि ते खरं होतं. पण काकांना पत्रं लिहायची हौस. त्यांनी मंडळाचं लेटरहेड स्वतः बनवलंय: डावीकडे गणपती, उजवीकडे अमेरिकेचा गरुड. कागदावर उठावदार शिक्का मारायचं यंत्र ऑनलाइन मागवलंय. शाळेतल्या पोरांच्या सर्टिफिकेटवरही ते तो शिक्का मारतात, दोन्ही हातांनी दाबून. फोनवर मावशींना म्हणाले, "कुमुदताई, माझं पत्र दाखवा. सलाम ठोकतील."

आणि त्यांनी तस्सं लिहिलं, जसं आपण सत्काराच्या पत्रात लिहितो. आंतरराष्ट्रीय कीर्तीच्या दिग्दर्शिका. आमच्या संस्थेसाठी कलाविष्कार सादर करण्यास निमंत्रित. शाल, श्रीफळ आणि मानधन देऊन गौरव. सगळं भारी इंग्रजीत, खाली शिक्का.

आता ते मानधन काय असतं हे तुम्हाला माहीत आहे. स्टेजवर जे पाकीट देतात ते रिकामं असतं. मंडळ सुरू झाल्यापासून रिकामं असतं. पाहुणे ते कपाळाला लावतात, फोटो निघतो, पाकीट ट्रेमध्ये परत जातं आणि पुढच्या पाहुण्याला मिळतं. त्यावर कोणी चिडत नाही. तो आपला मान द्यायचा रिवाज आहे आणि आपल्या चार भिंतींत तो गोडही आहे. पण नाक्यावरच्या अधिकाऱ्याला हा रिवाज कोणी शिकवलेला नाही. त्यानं पत्र वाचलं आणि त्याला दिसलं एवढंच: ही बाई पैसे घेऊन काम करायला येते आहे आणि कामाचा व्हिसा नाही.

त्यानं मावशींना विचारलं, तुम्हाला पैसे मिळणार का? त्या म्हणाल्या, नाही. तो म्हणाला, मग हे पत्र खोटं आहे का?

मावशी हो म्हणाल्या नाहीत. मला त्यांनी हे नंतर फोनवर सांगितलं. म्हणाल्या, "मी कसं म्हणणार गं, श्रीरंगनं खोटं लिहिलंय म्हणून? त्याचं तिथे काही बिघडलं तर?" खोलीत पाच तास त्या एवढंच म्हणत राहिल्या, आमच्याकडे असं लिहायची पद्धत आहे. व्हॅनमधल्या बाकीच्यांना जायची मोकळीक होती. त्यांनी नाटक सोडलं, मावशींची वाट बघत बसले आणि त्यांच्याबरोबर परत फिरले.

इकडे संध्याकाळी काकांनी माइकवर सांगितलं, काही टेक्निकल कारणांमुळे प्रयोग रद्द, जेवण मात्र आहे. मी विचारलं, काका, मावशींचं काय? शिऱ्याचा चमचा तोंडात होता. "पेपर्स नीट ठेवायला हवेत ना त्यांनी. कंट्री आहे, धर्मशाळा नाही."

पेपर्स! पेपर तुमचा होता, काका.

नेहाला तेव्हा सहावा महिना होता. तिचे ग्रीन कार्डाचे कागद सरकारकडे अडकलेले, तिला देशाबाहेर पाऊल टाकता येत नाही. आई इकडे येऊ शकत नाही, मुलगी तिकडे जाऊ शकत नाही. वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलं: खात्री कोणीच देत नाही, पण पत्र ज्यानं लिहिलं त्यानं सही करून कळवलं की पैसे द्यायचे नव्हते, ही मानाची भाषा होती, चूक आमची, तर मावशींना पुन्हा अर्ज करता येईल. एक पान. एक सही.

नेहा आणि मी काकांच्या घरी गेलो. शैलाकाकूंनी नेहाला बघून खुर्चीवर उशी ठेवली. काकांनी मसुदा वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"म्हणजे मी खोटं लिहिलं, असं मीच गव्हर्नमेंटला लिहून देऊ?"

"खोटं नाही काका," नेहा म्हणाली, "फक्त एक्स्प्लेन करायचंय. आपली पद्धत."

"तुला कळत नाहीये बेटा. आज मी हे सही केलं, उद्या माझी फाइल उघडली, तर? मी सिटिझन आहे. आय ॲम अ सिटिझन." हे त्यांनी दोनदा म्हटलं, आपल्याशीच म्हटल्यासारखं. "आणि कुमुदताईंना काय, मोठी कंट्री आहे त्यांची. थांबतील सहा महिने. जातील कु..."

"त्यांचं बाळंतपण नाहीये," मी म्हणाले. "हिचं आहे. ते सहा महिने थांबत नाही."

"तू गप्प बस, पत्रकबाई. तुमच्यासारख्यांमुळेच तर हे स्ट्रिक्ट झालेत."

मी पत्रकांत खूप वेळा लिहिलंय की ताकदवान माणसं आतून भित्री असतात. टाळ्यांचं वाक्य आहे म्हणून मी ते लिहायचे. त्या टेबलाशी ते प्रत्यक्ष बसलं होतं. साऱ्या जगाला दम देणाऱ्या सरकारच्या नावानं फुशारक्या मारणारा माणूस, त्याच सरकारकडून येऊ शकणाऱ्या एका पत्राला भीत होता. मसुद्याचा कागद त्यांनी बोटानं ढकलत ढकलत टेबलाच्या मधोमध आणला, तिथून आमच्याकडे.

तेवढ्यात ओट्यापाशी उभ्या असलेल्या काकू बोलल्या. वळल्याही नाहीत.

"अकरा महिने कुमुदच्या तळघरात राहिलात."

नेहानं माझ्याकडे बघितलं. तिलाही माहीत नव्हतं.

"इकडचा व्हिसा अडकला होता," काकू भांडं पुसत म्हणाल्या, "तेव्हा कॅनडात कोण होतं आपलं? अकरा महिने. दोन वेळचं जेवण तिचं. मुलाखतीला घातलेला कोट तिच्या नवऱ्याचा."

"शैला, तो विषय वेगळा आहे," काका म्हणाले.

तो विषय वेगळा नाही. तोच विषय आहे. या देशाचे मित्र म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून दाखवायचे रंग नसतात. पडत्या दिवसांत ज्यांनी तळघर उघडून दिलं ती माणसं असतात ती, आणि आपण उभे राहिलो की त्यांनाच एक्कावन्नावं राज्य म्हणून चिडवतो. वर विचारतो, जातील कुठे? काका, सांगते कुठे गेली. सरेचं मंडळ आता कॅलगरी आणि टोरांटोबरोबर नाटक करतं. लंडनच्या मंडळानं त्यांना पुढच्या वर्षी बोलावलंय. मावशी दिग्दर्शन करतायत. विमानानं जायचं, खर्च जास्त, दमणूक जास्त, पण तिथे आभाराच्या यादीत त्यांचं नाव पहिलं येतं. त्यांनी आपल्यावर राग धरलेला नाही. त्यांना आपली आठवणच कमी येते.

नेहाला मुलगी झाली. बाळंतिणीचे डिंकाचे लाडू मावशींनी पार्सलनं पाठवले, ते पोचेपर्यंत चुरा झाला होता. बारशाला टेबलावर बरण्यांना टेकवून फोन उभा केला. फोनमधल्या आजीनं कानात नाव सांगायचं म्हणून आम्ही बाळाला फोनजवळ नेलं. पोरगी रडली, नाव कोणालाच ऐकू आलं नाही, मावशींनी पुन्हा सांगितलं. शैलाकाकू आल्या होत्या. काका आले नव्हते.

मी काकांना शेवटचं पाहिलं ते या दिवाळीच्या कार्यक्रमात. आपली आपणच बसवलेली एकांकिका होती, नेपथ्य म्हणजे एक फोल्डिंग टेबल. हॉल भरला होता, मागे माणसं भिंतीला टेकून उभी. पण पुढच्या दोन रांगा रिकाम्या. प्रत्येक खुर्चीवर लेटरहेड चिकटवलेलं: 'राखीव, कॅनडाचे पाहुणे'. काकांनी त्यांना बोलावलं होतं म्हणे, ईमेलनं. उत्तर आलं नव्हतं. काठी टेकत आलेले एक आजोबा पहिल्या रांगेत बसायला लागले तर काका धावत आले. "नाही नाही, रिझर्व्ह्ड आहे, पाहुणे येतायत." आजोबा म्हणाले, "अहो, सुरू झालं की!" काकांनी घड्याळ बघितलं, मग दाराकडे बघितलं. "बॉर्डरवर ट्रॅफिक असेल," ते म्हणाले.

आजोबांना मी माझी खुर्ची दिली. एकांकिका रिकाम्या खुर्च्यांसमोर झाली. काका शेवटपर्यंत दारापाशी उभे होते, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून, कोणी आलंच तर पहिला हात आपला असावा म्हणून तो किंचित पुढे केलेला. मला दया आली का? आली. पण दयेनं कुमुदमावशी नाका ओलांडत नाहीत.

म्हणून आता तुमच्याकडे येते. शिऱ्याच्या रांगेत उभं राहून 'व्हेरी सॅड, यार' म्हणणाऱ्यांकडे, एक्कावन्नाव्या राज्याला हसलेल्यांकडे. ते पत्र काकांच्या घरच्या कागदावर नव्हतं. मंडळाच्या लेटरहेडवर होतं, म्हणजे तुमच्या-माझ्या नावावर. मी वकीलबाईंना विचारलं. अध्यक्ष सही करत नसतील तर सभासदांनी ठराव करून तेच पान मंडळातर्फे पाठवता येतं, अर्जाबरोबर तेही चालेल. ठराव मी लिहिला आहे. चार ओळी आहेत: मानधन नव्हतं, पाकीट रिकामं असतं, चूक मंडळाची, आम्ही माफी मागतो. येत्या रविवारी दुपारी दोन वाजता सर्वसाधारण सभा आहे. काका म्हणतील, विषय अजेंड्यावर नाही. म्हणू देत. नेहाची मुलगी आता चार महिन्यांची आहे आणि तिच्या आजीनं तिला अजून उचललेलं नाही. रविवारी या, पुढच्या दोन रांगांत बसा आणि ठराव वाचला की हात वर करा.